अक्रोडाचा दस्ता

माझ्या रायफलीने आजवर जे काही मारलं, त्यात रेंजवरच्या लाकडी चौकटीचा एक पाय, वाळूच्या काही पिशव्या आणि माझा स्वतःचा तोरा एवढंच येतं. तरी ती शिकारीची रायफल आहे. मामांकडून वारसाने आली. मामांच्या तरुणपणी सशा-तितरांवर ती चालायची म्हणे. आता शिकार कायद्याने बंद आहे, आणि ते बरंच आहे. नाहीतर माझा नेम बघून ससे हसून हसून मेले असते आणि तेही माझ्याच नावावर लागलं असतं.

छोट्या बोअरची, एकेक गोळी हाताने भरायची रायफल. बोल्ट मागे ओढायचा, गोळी ठेवायची, पुढे ढकलायचा आणि खाली दाबायचा. जुन्या दाराची कडी लावावी तसं. नळी आणि बोल्ट ठणठणीत होते, पण लाकडी दस्ता मुठीपाशी असा चिरला होता की धरला की कुरकुरायचा. नळीवरचा नंबर परवान्यावर चढलेला, त्यामुळे तिला हात लावायचा नाही. बाकी सगळं नवं, आपल्या अंगाच्या मापाने, आपल्या पसंतीने घ्यायचं असं मी निवृत्त झाल्यावर ठरवलं. लोक निवृत्तीनंतर चारधाम करतात. मी दस्ता करायला घेतला.

त्यामागे कारण होतं, आणि ते कारण म्हणजे माझे साडू. हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्लबात ते नेम धरतात आणि दसऱ्याच्या सुमारास ज्येष्ठांची जी आंतरक्लब स्पर्धा होते तिच्यात त्यांच्या संघात असतात. त्यांच्या दिवाणखान्यात एक चषक आहे. त्याच्यावर दिवा सोडलेला आहे. मी आमच्या क्लबात इतकी वर्षं जातोय, पण संघात कधीच नाही. गणपतीच्या जेवणाला त्यांनी मला ऋषीची भाजी वाढता वाढता विचारलं, "काय साडूभाऊ, यंदा खेळताय, की यंदाही टाळ्या वाजवायला?"

तोंडात घास होता म्हणून गप्प बसता आलं असतं. पण मी घास गिळला. "यंदा संघात असेन," मी म्हणालो. "आणि माझ्या स्वतःच्या रायफलीने. माप देऊन बनवून घेतोय."

"अरे वा," साडू म्हणाले. "म्हणजे आता रायफलीला दोष देता येणार नाही."

पंक्तीत वीसेक माणसं होती. त्यातली निम्मी हसली, आणि उरलेल्या निम्म्यांचं तोंड भरलेलं होतं.

स्पर्धा जुन्या शिकारी धाटणीच्या रायफलींची. लाकडी दस्ता, साधी निशाणी, समोर वाळूच्या पिशव्यांवर नळी टेकवायची. दुर्बीण चालत नाही. हे मला दुर्बीण विकत घेतल्यावर कळलं. ती आता आमच्या गच्चीवरून मार्केट यार्डाकडे जाणारे ट्रक मोजायच्या कामी येते.

मग लाकूड. कॅम्पातल्या परवानाधारक दुरुस्तीच्या दुकानात जे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे मी रायफल रीतसर जमा केली. त्यांच्या घराण्यात हेच काम चालत आलंय आणि ते सांगायला ते कधीच विसरत नाहीत. बोलण्यात त्यांचा हात लाकडापेक्षा जास्त चालतो. मी टिंबर मार्केटात जाऊन शिसवीचा एक ठोकळा आणला. निवडला कसा, तर कलिंगड निवडावं तसा, टिचकी मारून. आवाज गोड आला.

मिस्त्रींनी ठोकळा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा उलटा केला. "साहेब, ये तो पलंगाचा पाय आहे."

"रेघा बघा किती सुंदर आहेत."

"रेघा सुंदर आहेत. पण मूठ जिथे येणार तिथेच गाठ आहे. पहिल्या महिन्यात फाटेल. मग म्हणाल, मिस्त्री चोर." त्यांनी ठोकळा बाजूला ठेवला. "अक्रोड. काश्मीरचा. दुसरं काही नको. माझ्या वालिदांनी अक्रोडाशिवाय कशाला हात लावला नाही."

अक्रोड आला. चहात थोडंसं दूध पडावं तसा रंग, आणि रेघा अशा की नदीचा नकाशा. त्या लाकडासमोर मी बराच वेळ उगाच बसून राहिलो.

चाप मात्र मी लोण्यासारखा हलका मागितला. मिस्त्रींनी हलका करून दिला. आमच्या क्लबची प्रशिक्षक म्हणजे खराडीत सॉफ्टवेअरची नोकरी करणारी एक पोरगी. शनिवार-रविवार वाघोलीच्या पुढे आमच्या रेंजवर येऊन आम्हा म्हाताऱ्यांना शिस्त लावते. तिने तो चाप वजनकाट्याने ओढून तपासला आणि तडक परत पाठवला. "काका, सीरियसली? हा शिंकलात तरी सुटेल. वजन वाढवून आणा, नाहीतर रेंजवर आणू नका." वाढवून आणला. पोरगी बरोबर होती. धुळीच्या दिवसांत मला शिंका येतात.

आता मापाची गोष्ट. हे सांगायला मला अजून जड जातं, कारण मी तीस वर्षं एका कारखान्यात तपासणी खात्यात होतो. लोकांनी बनवलेले सुटे भाग ड्रॉइंगशी ताडून बघायचे आणि केसाएवढा फरक असला तरी परत पाठवायचे, हे माझं काम. माझ्या हाताखालची पोरं माझ्या मागे मला 'परतफेड' म्हणायची, हे मला ठाऊक होतं आणि मला ते आवडायचंही.

मिस्त्रींनी दुकानात माझं माप घेतलं ते लाकडी फूटपट्टीने. मला ते बघवेना. शिवाय चार माणसांसमोर उभा राहिलो म्हणून मी पोट आत ओढून, छाती काढून उभा होतो. त्या मापाचा दस्ता फक्त मी श्वास रोखून धरला असता तरच बसला असता. म्हणून मी सांगितलं, "मी घरून नीट ड्रॉइंग करून पाठवतो."

रायफल दुकानात, म्हणून घरी फरशी पुसायच्या मॉपचा दांडा घेतला. खांद्याला लावला, गाल टेकवला, एक डोळा मिटला. हिला म्हटलं, "अगं, माझा समोरून फोटो काढ. गाल कुठे टेकतो ते दिसलं पाहिजे."

ही मोबाइल घेऊन समोर आली. मी ताबडतोब दांडा खाली केला.

"काय झालं?"

"समोर उभी राहू नकोस. नळी माणसाकडे धरायची नाही. भरलेली असो, नसो. पहिला नियम आहे."

"अहो, मॉप आहे तो."

"नियम म्हणजे नियम."

हसू नका. ज्याने रेंजवर काही वर्षं काढली आहेत त्याला हे कळेल. ते हाडात भिनतं. माझ्या एका मित्राने नातवाच्या प्लॅस्टिकच्या पिचकारीवरूनही घरात रामायण केलंय. तेव्हा मी तोडगा काढला. मी कपाटाच्या आरशासमोर उभा राहिलो, मॉप आरशावर रोखला, आणि हिला माझ्या मागे सुरक्षित जागी उभं करून आरशातला फोटो काढायला लावला. नियमही पाळला गेला आणि फोटोही आला. मी स्वतःवर खूश.

त्या फोटोवरून मी ड्रॉइंग केलं. पुढून, बाजूने, वरून. गाल टेकायचा उंचवटा कुठे, तळहात भरेल असा मुठीचा फुगवटा कुठल्या अंगाला, दस्ता खांद्याशी किती वळलेला, सगळं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. खाली सही केली आणि सवयीने 'तपासले' असंही लिहिलं.

दोन-चार दिवसांनी मिस्त्रींचा फोन आला. "साहेब, एक विचारायचं होतं. गाल या बाजूला पाहिजे? पक्कं?"

आता बघा. माणसाला देव एक संधी देतोच. आणि पुणेरी माणसाची ती वाया घालवायची एक ठरलेली पद्धत असते.

"ड्रॉइंग आहे ना समोर?" मी म्हणालो.

"आहे."

"मग विचारताय काय? ड्रॉइंगप्रमाणे करा." आणि फोन ठेवला.

पलीकडे मिस्त्रींनाही घराण्याचा अभिमान. उलटून विचारणं त्यांच्याही रक्तात नव्हतं. त्यांनी ड्रॉइंगप्रमाणे केलं.

दस्ता तयार झाल्यावर ही आणि मी रायफल आणायला गेलो. तेल पिऊन अक्रोड असा उजळला होता की दुकानात आलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने आपली बंदूक हळूच पाठीमागे लपवली. मी ती उचलली, उजव्या खांद्याला लावली, डोळे मिटून गाल टेकवला आणि डोळे उघडले. समोर माशी असायला हवी होती, म्हणजे नळीच्या टोकावरची ती निशाणी. ती नव्हती. समोर मिस्त्रींच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. माझा गाल सपाट लाकडावर घसरत होता, आणि मुठीचा तो सुंदर फुगवटा माझ्या अंगठ्याला बाहेर ढकलत होता. गाल टेकायचा उंचवटा दस्त्याच्या पलीकडच्या अंगाला होता. हवेत. कुणाचाच गाल नसलेल्या जागी.

मला पाच सेकंदांत कळलं. तीस वर्षांची तपासणी कुठे जाते? उजव्याचं डावं करणारा आरसा डोळ्यांसमोर आला, मॉप आला, सहीखालचं 'तपासले' आलं.

"कसा आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

"उत्तम," मी म्हणालो. "नवं लाकूड आहे. बसेल हळूहळू."

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले. "साहेब, लाकूड बसतं. पण एका बाजूचं उठून दुसऱ्या बाजूला जात नाही."

 घरी येताना गाडीत ही फक्त एवढंच म्हणाली, "मॉप जागेवर ठेवलाय हं मी."

रविवारी रेंजवर निवड होती. संघात एकच जागा रिकामी होती, आणि पंक्तीतली वीस माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती. मी त्याच दस्त्याने नेम धरला. मान वाकडी करून, गाल तिरका करून, दाढ दुखणाऱ्या माणसाने शेकायची पिशवी धरावी तशी रायफल धरून. गोळ्या कागदाच्या चार कोपऱ्यांना भेटून आल्या. एक चौकटीच्या पायात गेली. तोच तो पाय.

"काका," प्रशिक्षक दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाली, "तुम्ही कोणाच्या टार्गेटवर मारताय?"

मग हीच पुढे आली. हे सांगायचं राहिलंच की हीसुद्धा क्लबची सभासद आहे. आम्ही बरोबरच नाव घातलं होतं. हिच्या मते हास्यक्लबात जाऊन खोटं हसण्यापेक्षा हे बरं. पण हिचा नेम कधी जमला नाही, कारण ही डावखुरी. क्लबच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. हिने डाव्या खांद्याला लावली की गालाचा उंचवटा भलत्या बाजूला जातो आणि लाकूड गालफडात रुततं. दर रविवारी हिच्या गालावर एक लाल वळ यायचा. आम्ही सगळे म्हणायचो, होईल सवय.

"मी बघू का जरा?" ही म्हणाली.

ती बाकावर बसली. रायफल डाव्या खांद्याला लावली. गाल टेकवला, आणि तो जिथे टेकला तिथे उंचवटा आधीच येऊन वाट बघत बसला होता. डावा तळहात मुठीच्या फुगवट्यावर जाऊन भरला. दस्ता हिला थोडा लांब होता, म्हणून खांदा जरा पुढे काढावा लागत होता. पण बाकी सगळं तिचं होतं. आणि वर एक गंमत. बोल्ट उजव्या अंगाला. नळी पिशवीवर टेकलेली, डावा हात चापापाशी आहे तिथेच राहिला आणि मोकळ्या उजव्या हाताने ती बोल्ट ओढू लागली. मूठ सोडायची नाही, गाल उचलायचा नाही. आम्हा उजव्यांना प्रत्येक गोळीला सगळी मांडणी मोडून पुन्हा बसावं लागतं. ही एका बैठकीत बसली होती, अंबाड्यात गजरा माळावा तितक्या शांतपणे.

कागद आणला. गोळ्या एकमेकींना धरून बसल्या होत्या. नेम जरा खाली लागला होता, पण सगळ्या एका रुपयाखाली झाकल्या जातील अशा.

 प्रशिक्षकाने कागद उन्हात धरला. "काकू, हे काय आहे?"

"काय?" ही घाबरून म्हणाली. "चुकलं का?"

प्रशिक्षक मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, क्लिअरली सांगते. आज नाव द्यायचं असेल तर काकूंचं देईन. पण लिस्ट पुढच्या रविवारी जाणार. तो उंचवटा तासून दस्ता सपाट करून घेतलात, तर तुम्हाला परत ट्रायल देते. सपाट असला की दोघांनाही चालेल. म्हणजे, कामचलाऊ."

घरी परतताना हिने विषय स्वतःच काढला. "तासून घ्या. मामांची रायफल आहे, तुमची आहे. तुम्ही सगळ्यांसमोर बोलून बसलायत. मी कुठे कुणाला काय बोललेय?"

तिचं म्हणणं सरळ होतं. मला पटलंही. दुसऱ्या दिवशी मी रायफल घेऊन कॅम्पात गेलो. मिस्त्रींनी दस्ता शिकंज्यात बसवला, उंचवट्यावर पेन्सिलीची रेघ मारली आणि रंधा हातात घेतला.

"बघा हं साहेब," ते म्हणाले. "एकदा उतरवलं की मग चिकटवून येत नाही."

आणि त्या क्षणी मला काय आठवावं, तर आमच्या घरातली कात्री. शिवणाची. हिच्या डाव्या अंगठ्याला त्या कात्रीचा एक घट्टा आहे, लग्नाआधीपासूनचा. कारण कात्र्या उजव्यांच्या. आमटी वाढायच्या डावाची चोच, तीही उजव्यांच्या सोयीची. लहानपणी पानावर डावा हात गेला की त्याच्यावर चापट बसायची, म्हणून जेवते उजव्याने, हळदीकुंकू लावते उजव्याने, आणि एकटी असली की सगळं डाव्याने. इतक्या वर्षांच्या संसारात मी घरात गाडी आणली, मिक्सर आणले, दुर्बीणसुद्धा आणली. तिच्या हाताची एकही वस्तू आणली नाही. पहिली आणली ती ही, आणि तीही आरशाच्या कृपेने.

"मिस्त्री, थांबा," मी म्हणालो. "गाल राहू द्या. मागून कापा."

"मागून? म्हणजे आखूड करायचा?"

"हिच्या हाताला लांब होतोय."

मिस्त्रींनी रंधा खाली ठेवला. मिश्यांतून हसले. "माप? की पुन्हा ड्रॉइंग पाठवताय?"

मी हिला फोन केला. "ये." ही म्हणाली, "भाजी फोडणीला टाकलीय." मी म्हटलं, "गॅस बंद कर आणि ये." एवढ्या वर्षांत मी असं कधी बोललो नव्हतो, बिचारी मला काही झालं असं समजून रिक्षाने धावत आली. मिस्त्रींनी तिचं कोपर वाकवलं, दस्ता कोपराच्या खाचेत टेकवला आणि तिचं बोट चापापर्यंत कुठे पोचतं ते बघितलं. फूटपट्टीने.  मी फक्त खिशातला व्हर्नियर, कारखान्यातलं ते केसाएवढं माप घ्यायचं हत्यार, खिशातच घट्ट धरून उभा होतो.

करवत लागली. अक्रोडाचा भुसा फरशीवर पडला, त्याचा वास कडवट-गोड, दिवाळीच्या फराळातल्या जरा जास्त भाजलेल्या बदामासारखा. तो तुकडा पडला, तेव्हा ही म्हणाली, "अहो, आता तुम्हाला ही कधीच बसायची नाही."

"आधी तरी कुठे बसत होती?"

स्पर्धेच्या आधी खंडेनवमी आली. शस्त्रांची, अवजारांची पूजा. पाटावर रायफल, शेजारी माझा व्हर्नियर, हिची कात्री. ही नेहमीप्रमाणे उजव्या हाताने कुंकू लावू लागली, थांबली, माझ्याकडे बघितलं आणि करंडा उजव्या हातात घेऊन डाव्या हाताने लावलं. मी झेंडूची फुलं वाहण्यात फार गुंतलो आहे असं दाखवलं.

स्पर्धेच्या दिवशी पिशवी मी उचलली, गोळ्यांचा डबा मी उचलला, पाण्याची बाटली मी उचलली. साडू आले. त्यांनी रायफल बघितली. त्यांना लाकडातलं कळतं, एवढं त्यांचं मान्य करायला हवं. हात फिरवत राहिले. मग उंचवट्यापाशी त्यांचा हात थांबला.

"साडूभाऊ, हे तर डाव्या हाताचं आहे."

"असणारच," मी म्हणालो. "हिच्यासाठीच बनवून घेतलाय."

"तुम्ही तर म्हणाला होता..."

"मी म्हणालो माप देऊन बनवून घेतोय. कुणाचं माप, ते कुठे म्हणालो?"

त्यांनी हिच्याकडे बघितलं. हिने कानांवर आवाज-रोधक चढवता चढवता सरळ चेहऱ्याने सांगितलं, "ड्रॉइंगप्रमाणे आहे, भाऊजी. यांनी स्वतः तपासलंय." आणि पाठ फिरवून बाकावर जाऊन बसली.

संघ आमचा दुसरा आला. पण वैयक्तिक यादीत ही साडूंच्या वर होती, आणि ती यादी भिंतीवर लागली तेव्हा तिच्या सगळ्यात जवळ टाळ्या वाजवत कोण उभं होतं? मी. साडू म्हणाले होते ते खरं झालं. यंदाही टाळ्याच. पण इतक्या जोरात मी आयुष्यात वाजवल्या नव्हत्या. प्रशिक्षक म्हणाली, "काका, हात दुखतील."

चषक काही आमच्याकडे आला नाही. पण आमच्या शोकेसमध्ये मी अक्रोडाचा एक छोटा तुकडा ठेवलाय, दस्त्याच्या मागून कापलेला. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो दाखवतो. माप चुकलेल्या कामातून इतका अचूक तुकडा पडलेला मी तीस वर्षांत बघितला नव्हता. त्याच्यावर दिवा सोडायचा माझा विचार आहे. ही म्हणते, आधी वायरमनला नीट समोरून जागा दाखवा.